पालथा चमचा

मित्रांनो, माझे वय ओळखायचे असेल तर आधी मला खिडकीपाशी न्या, पांढऱ्या कपड्यावर पालथा ठेवा आणि तिरप्या उजेडात माझी पाठ बघा. माझ्या अंगावर साल कोरलेले नाही. मी अमेरिकेत घडलो, आणि त्या काळी तिथे चांदी तपासून तिच्यावर सालाची खूण उमटवणारी कचेरीच नव्हती. कारागीर आपल्या नावाची दोन अक्षरे ठोकायचा आणि मोकळा व्हायचा. म्हणून आम्हा जुन्या चमच्यांचे वय घडणीवरून ओळखतात. दांड्याचे टोक कुठल्या बाजूला वळले आहे? वाटी अंड्यासारखी आहे की टोकदार? अक्षरे पुढे आहेत की मागे? एकदा हे बघायची सवय लागली की इतकी मजा येते म्हणून सांगू! पण १९६१ साली दोह्यात हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्यापायी एका भल्या माणसाची चाकरी आणि अब्रू दोन्ही जायची वेळ आली होती.

माझा जन्म एका लहान बंदरगावातला. तिथल्या कारागिराने स्पेनची चांदीची नाणी मुशीत वितळवली, त्यांची कांब ओतली आणि ती ठोकून ठोकून मला घडवले. माझी वाटी लांबट अंड्यासारखी झाली. वाटीच्या पाठीवर, दांडा जिथे जुळतो तिथे, त्याने एक छोटा शिंपला उठवला. दांड्याचे टोक गोल केले आणि वाटीच्या तोंडाच्या बाजूला किंचित वळवले. असे का? कारण त्या काळी मेजावर चमचे पालथे मांडत. पालथा ठेवला की माझे टोक कापडाला अलगद टेके आणि पाठ वर येई. म्हणून मालकाची अक्षरेही त्याने पाठीवर कोरली. वर एक, खाली दोन.

पुढे चाल बदलली. लोक चमचे उताणे मांडू लागले. मग कारागिरांनी टोके उलट बाजूला वळवली आणि अक्षरे पुढच्या बाजूला आणली. आणखी चाळीसएक वर्षांनी आमच्या घरात सहा नवे चमचे आले. त्यांचे दांडे व्हायोलिनसारखे रुंद, वाटीपाशी खांदे काढलेले, टोकावर फुलांच्या परडीचा छाप आणि त्याखाली वळणदार डब्ल्यू. मोठे नखरेल होते ते! त्यांतला एक कुठेतरी हरवला आणि त्याच्या जागी मला फलाटीन कापडाच्या गुंडाळीत ठेवून दिले. लग्नकार्याशिवाय कोणी उघडून बघेना. त्या अंधारात आम्ही सहाही जण काळे ठिक्कर पडलो.

आणि मग एकदम समुद्रप्रवास! घरची म्हातारी वारली. तिचा मुलगा व्हिटकमसाहेब कतारमध्ये दुखानला तेलाच्या विहिरींवर इंजिनियर होता. ती गुंडाळी बोटीने दोह्याला, त्याच्या बंगल्यावर येऊन पोचली. साहेब आठवडाभर दुखानला असायचा. बंगल्यात असायच्या व्हिटकमबाई आणि त्यांचा स्वयंपाकी युसुफ.

युसुफ रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरचा. आठ वर्षे त्याने दोह्यातल्या साहेबलोकांच्या स्वयंपाकघरांत काढली होती. बाईंनी गुंडाळी न सोडताच त्याच्या हाती दिली. "सहा चमचे आहेत. तुझी बायको भांडी छान चमकवते म्हणतोस ना? बघू तिचा हात."

अशा रीतीने मी मुशैरिब मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात सुगराच्या पुढ्यात आलो.

सुगराची पद्धत मला फार आवडली. तिने राख घेतली नाही, वाळू घेतली नाही. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, टोपात कढत पाणी ओतले, त्यात धुण्याचा सोडा आणि मूठभर मीठ घातले आणि आम्हाला आत सोडले. प्रत्येक चमचा जर्मलला टेकलाच पाहिजे, ही तिची अट. मित्रांनो, चांदीवरचा काळेपणा म्हणजे गंधकाने तिच्यावर धरलेला थर असतो. जर्मल तो गंधक आपल्याकडे ओढून घेते आणि चांदी जागच्या जागी राहते. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि आम्ही उजळू लागलो. कित्येक वर्षांचा काळोख पाच मिनिटांत उतरला!

"अवो, ह्यातला एक वेगळा हाय," सुगरा म्हणाली.

"असेल. तुला चमचे धुवायला दिलेत, सोयरीक जुळवायला नाय दिलेत," दारात उभा असलेला युसुफ म्हणाला. "आटप. मॅडम वाट बघतायत."

तिने आम्हाला घाईघाईने पुसले आणि गुंडाळून दिले. माझी पाठ तिने धड बघितलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे शेजारच्या बंगल्यातली मड्डम कॉफीला आली होती. तिला दाखवायला म्हणून बाईंनी मोठ्या हौसेने गुंडाळी सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच चमचे लखलखले. प्रत्येकावर परडी, प्रत्येकावर डब्ल्यू. मग निघालो मी. माझा दांडा साधा. पुढच्या बाजूला मधोमध एक बारीकशी उठलेली रेघ, बाकी कोरे.

बाईंचा चेहरा उतरला. "हा माझा नाही."

"मॅडम, सिक्स दिये, सिक्स लाया," युसुफ म्हणाला.

"सहा आहेत हे मलाही दिसते आहे. पण माझ्या लग्नात मी हे चमचे बघितले आहेत. सगळ्यांवर परडी होती, सगळ्यांवर आमचे अक्षर होते. हा कुठल्या बाजारातून आणलास?"

शेजारीण हलक्या आवाजात म्हणाली, "मी सांगितले होते ना, घराबाहेर काही पाठवू नये म्हणून?"

बाईंनी मला उलटे करून मानेजवळचा ठसा बघितला. इतर पाचांवर कारागिराचे पूर्ण नाव होते, माझ्यावर दोनच अक्षरे. त्यांचा संशय पक्का झाला. माझ्या पाठीचे टोक मात्र त्यांच्या बोटाखाली झाकलेले होते. अहो बाई, बोट काढा! मी मनातल्या मनात किती ओरडलो! पण चमच्याला आवाज कुठला?

"तुझ्या नोकरीचे कागद बघणाऱ्या एजंटचे ऑफिस चार वाजता उघडते," बाई म्हणाल्या. "तोवर माझा चमचा आणून दे. नाहीतर मी चिठ्ठी लिहीन. मग पुढच्या बोटीने तू मुंबईला."

युसुफने मला रुमालात बांधले आणि भर दुपारच्या उन्हात घरी आणले.

"आज इतक्या लवकर?" सुगराने विचारले.

"चोर झालो ना. चोराला सुट्टी असते."

त्याने सगळे सांगितले. सुगरा ऐकत होती आणि तिचे हात थांबत नव्हते. त्याच्या खिशात, घामाच्या रुमालात राहून मी चिकट झालो होतो. तिने मला धुतले आणि खिडकीजवळच्या फडक्यावर पालथा ठेवला. मित्रांनो, तिच्या घरची रीतच ती. धुतलेले प्रत्येक भांडे पालथे, म्हणजे आत पाणी साचत नाही. पण माझ्या अंगावर काटाच आला! शंभराहून अधिक वर्षांनी मला कोणीतरी मी घडलो होतो तसे ठेवले होते. टोक कापडाला टेकलेले, पाठ वर.

सुगराने जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढली. मुसल्ला गुंडाळून ती वळली, तेव्हा झडपेच्या फटीतून तिरपे ऊन माझ्या पाठीवर आले होते. ती दोन पावले पुढे आली. मग वाकली.

"अवो! इकडे या. ह्याच्या पाठीवर काय तरी लिवलाय!"

युसुफ धावत आला. त्याने मला उजेडात तिरका धरला. अक्षरे झिजून केसासारखी बारीक झाली होती, पण होती. "वर एच," तो म्हणाला. "खाली ई आणि पी."

"बघा! अक्षर हाय!"

पण युसुफने कपाळावर हात मारला. "अक्षर हाय, पण मॅडमचा नाय. मॅडमचा डब्ल्यू. हा दुसऱ्याच कोणाचा तरी चमचा. खलास! एवढा वेळ नुसता संशय होता, आता पुरावा झाला." आणि तो एकदम कोनाड्याकडे वळला. "कानस कुठे हाय? ही अक्षरंच घासून टाकतो. कोरा चमचा नेतो. बाजारात चुकून बदलला म्हणून सांगतो आणि पाय धरतो."

कानस! माझी चांदी गार पडली. दोनदा घासले असते तरी माझे नाव, गाव, वय सगळे भुगा होऊन फडक्यावर सांडले असते. युसुफने कोनाड्यातून कानस काढलीसुद्धा.

सुगराने मला त्याच्या हातातून ओढून घेतले आणि ओच्यात धरले.

"चोरी केली नाय ना तुम्ही?"

"सुगरा!"

"मंग खोटा कशाला बोलायचा?"

"मंग खरा काय ता तू सांग! हा एच कोण?"

सुगराला ते कुठे ठाऊक असायला? तिने खोलीभर नजर फिरवली. फळीवर तिची भांडी पालथी होती. कोपऱ्यात तिचा मोठा तांब्याचा टोप होता, लग्नात बावांनी, तिच्या वडिलांनी, दिलेला. त्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेले होते: दाऊद हसन, जैतापूर. तुमच्याही घरी असे नाव घातलेली भांडी असतीलच. दुकानात भांडे घेतले की टक-टक-टक करत नाव घालून देतात.

सुगरा त्या टोपाकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्या टोपात आठ वर्षं तुमचा भात शिजतोय. ह्याच्यावर तुमचा नाव हाय?"

"माझा कशाला असेल? तुझ्या बावांचा हाय."

"म्हणजे टोप चोरीचा?"

युसुफने कानस खाली ठेवली.

"ह्यो चमचा कोणतरी बाई माहेरून घेऊन आली," सुगरा म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "आणि तो त्या पाचांपेक्षा जुना हाय. हात लावून बघा. त्यांच्या परडीची पानं बोटाला अजून टोचतात. ह्याची अक्षरं बघा किती झिजलीत! वाटीची डावी कड बघा, कशी खाल्लेली हाय. उजव्या हातानं खाणाऱ्या किती माणसांनी ताटात घासली असेल तेव्हा अशी होते."

"अगं, अमेरिकेत कसला माहेर?"

"बायका हायत ना तिकडे? मंग माहेर पण असणार."

बरोबर! बरोबर! आनंदाने मला गरगरायला लागले. हिला ना इंग्रजी येत होते, ना चांदीबद्दल तिने काही वाचले होते. तिने फक्त नीट बघितले, एका गोष्टीशी दुसरी ताडून बघितली, आणि ती थेट माझ्या जन्मघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. बंगल्याचा ड्रायव्हर मन्सूर, श्रीवर्धनचा. "युसुफभाई, मॅडमने चिठ्ठी लिवली. साडेतीन वाजले. चमचा मिळाला काय?"

"मिळाला," सुगराने आतूनच उत्तर दिले. तिने बुरखा चढवला, मला फडक्यात गुंडाळले आणि टोप काखेत मारला.

मन्सूर बघतच राहिला. "भाबी, चमच्याबरोबर टोप? जेवायला जायचाय की भांडायला?"

"दोन्हीची तयारी हाय. चालव तू."

"यल्ला मंग, चला!"

बंगल्याच्या दिवाणखान्यात सुगरा पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. मेजावर बंद पाकीट होते. बाईंनी आधी तिच्याकडे बघितले, मग टोपाकडे, मग युसुफकडे. "माझा चमचा?"

सुगराने खिडकीजवळच्या मेजावरची पांढरी चादर हाताने सारखी केली आणि मला तिच्यावर पालथा ठेवला. "मॅडम, देखो."

बाईंनी चष्मा लावला. वाकून बघितले. "एच? आमचे अक्षर हे नाही. मी म्हटले तेच झाले."

"त्यांना सांगा, ता माहेरचा हाय," सुगरा नवऱ्याला म्हणाली.

युसुफने तोंड उघडले आणि तो अडला. आठ वर्षे तो साहेबांशी इंग्रजी बोलत होता. मटण, बटाटे, बिल, बाजार, सगळ्याला त्याच्याकडे शब्द होते. माहेराला नव्हता. "मॅडम... धिस स्पून... मदर हाउस."

"कोणाच्या आईचे घर?"

"लेडीज ओल्ड हाउस. बिफोर मॅरेज हाउस. मॅडम, आय डोन्ट नो!"

"असा काय करता!" म्हणत सुगराने टोप उचलून मेजावर ठेवला. धप्पकन! त्याच्या बुडाचे काजळ चादरीला लागले. तिने काठाखालच्या ठिपक्यांवर बोट ठेवले. "माय फादर." बोट युसुफकडे वळवले. "नो युसुफ." मग दोन्ही हातांनी टोप स्वतःच्या छातीशी धरला. "शादी. मेरा." आणि शेवटी बोट माझ्यावर आणले. "ये भी."

बाई टोपावरच्या ठिपक्यांकडे बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. वर एच. खाली ई आणि पी. त्यांचे ओठ हलले. "वरचे अक्षर आडनावाचे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "खाली नवरा आणि बायको." त्या उठल्या आणि जवळजवळ पळतच आतल्या खोलीत गेल्या.

परत आल्या त्या एक जाडजूड बायबल घेऊन. सासूच्या सामानातूनच ते आले होते. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म आणि लग्ने पिढ्यान्‌पिढ्या हाताने लिहिलेली होती. बाईंचे बोट फिकट शाईवरून खाली उतरू लागले. युसुफने श्वास रोखला होता. मीही!

बोट थांबले.

"प्रुडन्स," बाईंनी वाचले. "एलायजा आणि पेशन्स हेल यांची मुलगी. सतराशे त्र्याऐंशी साली व्हिटकम घराण्यात लग्न." त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितले. "एच म्हणजे हेल. ई म्हणजे एलायजा. पी म्हणजे पेशन्स. अरे देवा! हा तिच्या आईबापांचा चमचा!"

मित्रांनो, एलायजा आणि पेशन्स! कित्येक वर्षांत ती नावे कोणी उच्चारली नव्हती. आणि ती घुमली कुठे, तर अरबी आखाताच्या किनाऱ्यावर, काजळ लागलेल्या चादरीवर!

बाईंनी धावत जाऊन ते पाच चमचे आणले आणि माझ्या शेजारी मांडले. आता त्यांना सगळे दिसायला लागले. माझे टोक या बाजूला, त्यांचे त्या बाजूला. माझ्या वाटीमागे शिंपला, त्यांच्या दांड्यांना खांदे. सुगराने वाटीची झिजलेली डावी कड दाखवली. बाईंनी तिथे नखाने चाचपून बघितले आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. दोघींची भाषा एक नव्हती, पण दहा मिनिटे त्या माझ्यावर डोकी टेकवून बोलत होत्या.

मग बाईंचे लक्ष पाकिटाकडे गेले. त्यांनी ते उचलून फाडले. "आय ॲम सॉरी, युसुफ. खरेच सॉरी." आणि पर्स उघडायला लागल्या.

युसुफने हात मागे घेतला. सुगरा नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली.

"नको," तो घाबरून म्हणाला.

"बोला. नायतर मी बोलतंय."

युसुफने घसा साफ केला. "मॅडम, पैसा नो. आज सकाळी वो दूसरी मॅडम के सामने आपने चोर बोला. तो सॉरी भी उसके सामने." आणि आपण काय बोलून बसलो या भीतीने त्याने मान खाली घातली.

बाई लाल झाल्या. आपल्या स्वयंपाक्याची माफी, शेजारणीच्या देखत! पर्सची कडी एकदा लागली, एकदा उघडली. त्या क्षणी काय होईल ते मलाही सांगता आले नसते. शेवटी त्यांनी पर्स मिटून बाजूला ठेवली.

"उद्या दहा वाजता. कॉफी तूच आण."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता युसुफ इस्त्री केलेला पांढरा कोट घालून ट्रे घेऊन आला. बशीवर मी होतो. शेजारणीने त्याला बघितले आणि भुवया उंचावल्या. "हा अजून इथेच? मग चोरी कोणी केली?"

"कोणीच नाही," व्हिटकमबाई म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने. "मला माझ्याच घरचा चमचा ओळखता आला नाही आणि मी या माणसाला चोर म्हटले. ती माझी चूक. युसुफ, तुझी माफी मागते."

शेजारीण कपासाठी पुढे केलेला हात तसाच ठेवून बघत राहिली. युसुफ ताठ उभा राहिला, त्याने ट्रे पुढे केला आणि रोजच्या आवाजात म्हणाला,

"शुगर, मॅडम?"

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी म्हातारे असेल, तर त्याला खरखरीत पावडरीने घासू नका. नावे झिजतात. काही दिसत नसेल तर उजेड बदलून बघा, आणि हे कोणी कोणाला दिले होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा. चांदीवर पडलेला ओरखडा मी दोनशे वर्षे अंगावर वागवू शकतो, माझे काही बिघडत नाही. माणसाच्या नावावर पडलेला ओरखडा मात्र ज्याने पाडला त्यानेच, ज्यांच्यादेखत पाडला त्यांच्याचदेखत, आणि लगेच पुसावा लागतो.